चालेलबाईंचा पाचवा तास

बाईंचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण शाळेत त्यांना सगळे चालेलबाई म्हणत. नाव मुलांनी ठेवलं असं शिक्षक सांगायचे आणि शिक्षकांनी ठेवलं असं मुलं. खुद्द बाईंना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, दोन्ही चालेल.

दुसरा शब्द त्यांना येत होता की नाही कोण जाणे! स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्ची चित्रकलेच्या मॅडमना हवी? चालेल. बाईंच्या कपाटाचा अर्धा भाग प्रयोगशाळेच्या बाटल्यांना? चालेल. परीक्षेत जिन्याखालच्या डासांच्या खोलीवर नजर ठेवायला कुणी तयार नाही? अहो, चालेलबाई आहेत की!

पण हीच बाई नववीच्या वर्गात शिरली की वेगळीच व्हायची. विषय सामाजिक शास्त्र. आता हा विषय म्हटलं की पोरांना जांभया येतात. सनावळ्या, व्याख्या, नकाशातल्या त्या नागमोडी रेघा. बाई शिकवायला लागल्या की जांभई कुठल्या कुठे पळायची. कर म्हणजे काय हे सांगताना त्या पहिल्या बाकावरच्याचा डबा उघडून त्यातला एक घास सरळ खाऊन टाकायच्या आणि विचारायच्या, "आता बोल, याच्या बदल्यात तू माझ्याकडे काय काय मागशील?" नदी वळण का घेते हे टेबलाभोवती फिरून दाखवायच्या. आणि लोक राजाविरुद्ध उठले कसे हे सांगायला लागल्या की त्यांचा तो एरवी खालच्या पट्टीतला आवाज असा चढायचा, की व्हरांड्यातली कबुतरं उडून जायची.

नववी अ चा पाचवा तास, म्हणजे मधल्या सुट्टीनंतरचा, वेळापत्रकात बाईंचा होता. नकाशे, चर्चा, वादविवाद, जे जे धड्यात मावत नाही ते सगळं या तासाला करायचं. यंदा वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांनी मुलांना कबूल केलं होतं, की आपण वर्गात लोकसभेसारखी सभा भरवू. पण ती भरणार कशी? पाचव्या तासाची घंटा झाली, की दारात गणिताचे सर उभे. काखेत लाकडी कंपास, हातात खडूचा डबा, चेहऱ्यावर गरीब हसू.

"बाई, थोडंसं राहिलंय. आजचा तास घेऊ का?"

"चालेल," बाई म्हणायच्या, आणि नकाशाची गुंडाळी उचलून चालू लागायच्या. सरांचं ते थोडंसं वर्षभर कधी संपत नव्हतं, म्हणून पोरांनी त्यांचंही नाव ठेवलं होतं, थोडंसंसर. वाईट माणूस नव्हता हो. स्वतःचा मोकळा तास शिकवण्यात घालवायचा. पण बाईंचा तास जायचा तो जायचाच.

घरी दोघीच. बाई आणि त्यांची थोरली बहीण. ताई शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत मशीन, आतल्या खोलीत कापायचं लांबलचक टेबल, आणि त्या टेबलाच्या एका कोपऱ्यात कापडाच्या चिंध्या बाजूला सारून बाई वह्या तपासायच्या. मग टाचण्या वह्यांत शिरायच्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी बोट चोखत बसलेलं दिसायचं. संध्याकाळी बाई आल्या की ताई मशीन थांबवून चहा टाकायची. बिनसाखरेचा. ताईला तसाच लागायचा म्हणून बाईही तसाच प्यायच्या, तोंड वाकडं न करता.

"आजही दिलास तास?" ताई विचारायची.

"थोडंसं राहिलं होतं त्यांचं."

"अगं, उद्या कुणी म्हणालं, बाई जरा तुमचं डोकं नेऊ का, तर तू म्हणशील, चालेल, फक्त चष्मा ठेवून जा!"

बाई हसायच्या. ताईचं बोलणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

तर एका सोमवारी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. मोठ्या बाई मनानं चांगल्या, पण त्यांना बसायला फुरसत नसायची. उभ्या उभ्याच सही करायच्या, उभ्या उभ्याच रागवायच्या आणि उभ्या उभ्याच विसरून जायच्या.

"नववीचं गणित बघितलंत? अ काय नि ब काय, निकाल बघून रडू येतं नुसतं," त्या म्हणाल्या. "मी एक ठरवतेय. पुढच्या वर्षीपासून पाचवा तास कायमचा गणिताला. तसाही तो सरच घेतात. मग तुमच्याकडे फार काही उरत नाही, म्हणून नववीचं सामाजिक शास्त्र भाषेच्या मॅडमकडे देऊ. आणि तुम्ही ग्रंथालय सांभाळा. छान, शांत जागा आहे. तुमच्या स्वभावाला साजेशी. काय, चालेल ना?"

नववी जाणार? नववीच? जिभेवर तो शब्द सवयीनं आलाच. "चा..." एवढं तोंडातून निघालं, आणि तेवढ्यात बाहेर घंटा झाली. टणटणटण! मोठ्या बाईंना कुठेतरी पळायचं होतं.

"बरं, घाई नाही. शुक्रवारी सांगा," असं म्हणून त्या दाराबाहेरही पडल्या.

तो अर्धा शब्द तोंडात घेऊन बाई नववी अ च्या वर्गात गेल्या. त्या दिवशी धडा होता सरकारच्या तीन अंगांचा. कायदा करणारे, तो राबवणारे, आणि तंटा झाला तर निवाडा करणारे. मन ठिकाणावर नव्हतं, म्हणून बाईंनी मुलांनाच कामाला लावलं. "ही तिन्ही अंगं आपल्या शाळेत शोधून काढा बघू."

झालं! वर्गाला तेवढंच हवं होतं. सगळ्यात आधी उठली ती हरकत. दोन घट्ट वेण्या, नाकावर घसरणारा चष्मा, आणि हजेरी घेतानासुद्धा "माझी हरकत आहे" म्हणणारी मुलगी. म्हणून तिचं नाव हरकत. कायदा मोठ्या बाई करतात, कारण वेळापत्रक त्या बनवतात, यावर सगळ्यांचं एकमत झालं. निवाडा कँटीनच्या मावशी करतात, कारण कुणाचा डबा कुणी खाल्ला याचा शेवटचा शब्द त्यांचा, यावरही कुणाचं दुमत नव्हतं. अडलं ते मधल्या अंगापाशी.

"कायदा शिक्षक राबवतात," कुणीतरी म्हणालं.

"माझी हरकत आहे!" हरकत म्हणाली. "शिक्षक स्वतःहून तास सोडतात का? मोठ्या बाई तरी सोडतात का? सगळे घंटेची वाट बघतात. घंटामामांनी टोला दिला की तास सुरू, टोला दिला की बंद. म्हणजे या शाळेत कायदा खरा कोण राबवतं? घंटामामा!"

वर्ग बाकं बडवायला लागला. बाईंना इतकं हसू आलं की मगाचं दुःखही त्या घटकाभर विसरल्या. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर! घंटामामाच!"

चुकलं ते इथे. मुलं आपलं बोलणं एवढं मनावर घेतील हे बाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बुधवारी मधल्या सुट्टीत नववी अ चं शिष्टमंडळ घंटामामांकडे गेलं. मामा म्हणजे शाळेचे शिपाई. अ आणि ब या दोन वर्गांच्या मधोमध व्हरांड्यात त्यांचं स्टूल, डोक्यावर पितळेची घंटा, मांडीवर हातोडी. मुलांनी त्यांच्या हातात अर्ज ठेवला. वर लिहिलं होतं, माननीय अंमलबजावणी प्रमुख. आता घंटा बडवून बडवून मामांचे केस पांढरे झाले होते, पण त्यांना माननीय असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, वर खिशाचं बटण लावलं. मग सूचनाफलकापाशी जाऊन वेळापत्रक बोट लावून वाचलं. नववी अ, पाचवा तास, सामाजिक शास्त्र. बस्स!

पाचव्या तासाची घंटा झाली. थोडंसंसर नेहमीसारखे आले आणि बघतात तो काय, मामांनी स्टूल उचलून थेट अ च्या दारात मांडलेलं. हातोडी आडवी धरून बसलेले.

"मामा, बाजूला व्हा जरा," सर म्हणाले.

"नाही होता येणार सर. फलकावर तास बाईंचा आहे."

"अहो, पण मी रोजच घेतो!"

"रोज चुकत होतं. आता लक्षात आलं."

तेवढ्यात बाई आल्या. हा तमाशा बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामा, अहो, चालेल हो, जाऊ द्या सरांना," त्या घाईघाईनं म्हणाल्या.

मामा जागचे हलले नाहीत. "बाई, वेळापत्रक तुम्ही बनवता?"

"नाही."

"मग ते मोडायची परवानगी तुम्ही कशी देता?"

आतून हरकतचा आवाज आला, "बाई, राबवणारासुद्धा कायद्याच्या वर नसतो. तुम्हीच सांगितलंत!"

सर तावातावानं मोठ्या बाईंकडे गेले आणि मोठ्या बाई तावातावानं इकडे आल्या. मामांनी उठून नमस्कार केला आणि अर्ज दाखवला. मोठ्या बाईंनी तो उभ्या उभ्याच वाचला. वाचता वाचता त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले, पण त्यांनी ते आवरले.

"हे यांना कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

बाई एक पाऊल पुढे आल्या. "मी," त्या म्हणाल्या.

"हं. मग शुक्रवारी पाचव्या तासाला भरवा तुमची ती सभा. तासाचं काय करायचं त्यावरच होऊन जाऊ द्या. मी येऊन बसते. सर, तुम्हीही या. आणि बाई, माझ्या प्रश्नाचं उत्तरही मला तेव्हाच द्या."

त्या संध्याकाळी बाईंनी ताईला सगळं सांगितलं. ताई गळपट्टी उसवत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"आणि तुला काय हवंय?"

"म्हणजे काय, ग्रंथालयही तसं..."

"चालतंय काय ते नको सांगूस मला! हवंय काय?"

असा प्रश्न बाईंना कुणी विचारला नव्हता. त्यांनी कपाचा कान धरला, सोडला, परत धरला. मग एकदम त्यांचे डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, "मला नववी हवी आहे गं. त्या पोरांपुढे उभी राहते तेव्हाच मला मी आवडते."

"मग हे मला सांगून काय उपयोग?" ताई म्हणाली. "त्यांना सांग!" आणि नाक ओढून तिनं पुन्हा गळपट्टी हातात घेतली.

शुक्रवार उजाडला. नववी अ नं बाकं समोरासमोर लावली होती. शेवटच्या बाकावर मोठ्या बाई, गुडघे हनुवटीला टेकवून, पहिल्यांदाच बसलेल्या. कोपऱ्यात थोडंसंसर, खडूचा डबा छातीशी धरून. दारात मामा, घंटा काढून आणून दाराच्या कडीला टांगलेली, हातोडी तयार.

आधी सभापती निवडायचा होता. हरकत उठली. "सभापती असा हवा, जो कुणाचीच बाजू घेत नाही. आपल्या शाळेत असं माणूस एकच आहे. चालेलबाई! त्या तर स्वतःची सुद्धा बाजू घेत नाहीत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरीनं कौतुकानं म्हटलं होतं, पण बाईंना ते सुईसारखं टोचलं. त्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

ठराव हरकतनंच मांडला. पाचवा तास वर्गाला विचारल्याशिवाय कुणालाही देता येणार नाही. ती बोललीही झकास. पण विरोधी बाजूनं उठला पाढे. हा वर्गात गणितात पहिला, उठता बसता पाढे म्हणणारा, सडपातळ मुलगा.

"मला बाईंचा तास आवडतो," तो म्हणाला. "कुणाला आवडत नाही? पण मंडळी, परीक्षेत वर्तुळ आलं तर मी काय तिथे नदीचं वळण काढू? सर स्वतःचा मोकळा तास आपल्यासाठी घालवतात. त्यांना काय हौस आहे? तास काढून घेतलात तर गणित बुडेल. आणि बुडणार आपणच."

अर्धा वर्ग मान हलवायला लागला. बाईंनी सरांकडे पाहिलं. सर खडूकडे बघत होते. बाईंना त्यांची दया आली, आणि पाढेचं म्हणणंही पटलं. पोरगा खरं तेच बोलत होता.

"माझा एक प्रश्न आहे," हरकत म्हणाली. "गणित दरवर्षी राहतंच कसं? दोन्ही वर्गांचं राहतं. सर गैरहजर नसतात, उशिरा येत नाहीत. मग वेळ जातो कुठे?"

आणि काय गंमत! एवढा वाचाळ वर्ग, पण एकाच्या तोंडून ब्र निघेना. कुणी छताकडे बघतंय, कुणी नखं कुरतडतंय. पाढे तर खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला, आणि त्याच्या बुटांना नाड्याच नव्हत्या.

दारातून मामांनी हात वर केला. "मला माहीत आहे. बोललो तर चालेल का?"

"चालेल," बाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि सभा खदखदून हसली.

मामा उभे राहिले. "मी दोन्ही वर्गांच्या मध्ये बसतो. तिसऱ्या तासाला बाई ब मध्ये, सर अ मध्ये. चौथ्या तासाला उलट. मध्ये भिंत कसली? फळ्या ठोकलेल्या. इकडे बाईंचा आवाज चढला, की तिकडे सरांचा खडू थांबतो. सर फळीला कान लावून उभे! आणि पोरं काय गणित करतात होय? तीही ऐकतात. मी तरी कशाला खोटं बोलू, मीही ऐकतो. एक दोनदा घंटा द्यायची राहून गेलीय माझी."

वर्गात असा हलकल्लोळ उडाला की विचारू नका. सगळ्यांना ठाऊक होतं! दोन्ही वर्गांना, मामांना, सरांना. ठाऊक नव्हतं ते एकट्या बाईंना. त्या खुर्चीवर तोंडाचा आ करून बसून राहिल्या.

सर उठले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. "मामा खरं सांगतायत," ते म्हणाले. "आता मी काय करू? समीकरण फळ्यावर मांडलेलं असतं आणि पलीकडे बाईंचे ते कामगार कारखान्याच्या फाटकासमोर जाऊन बसतात. मालक आत, कामगार बाहेर, आणि झाली घंटा! पुढे काय झालं या काळजीनं मला रात्रभर झोप नाही. मी शिकलो त्या शाळेत हा विषय वाचून दाखवायचे हो नुसता. असा कुणी शिकवलाच नाही. मग माझं राहतं, आणि जे राहिलं ते भरून काढायला मी बाईंचाच तास मागतो. मला त्याची लाज वाटते. पण बाई नेहमी चालेल म्हणायच्या."

मोठ्या बाई तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे गदगदत होते.

"म्हणजे चूक बाईंच्या आवाजाची!" पाढे ओरडला. पुन्हा हशा. "हसू नका, ठरावाला माझा विरोध कायम आहे. कारण काही का असेना, माझं वर्तुळ राहिलंयच."

मतदान झालं. बाईंनी हात मोजले. मामांनी आपले वेगळे मोजले. मग दोघांनी मिळून मोजले. दोन्ही बाजू बरोबरीत! तेवढ्यात पाढेनंच सगळ्यांना आठवण करून दिली, पोरगा नियमाला पक्का, "बरोबरी झाली तर सभापतींचं मत. बाईंनीच शिकवलंय."

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. समोर पाढेचा काळजीचा चेहरा, कोपऱ्यात सरांचे लाल कान, मागे रुमाल खाली घेऊन बघत असलेल्या मोठ्या बाई. सगळ्यांना खूश ठेवणारा तो शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला. सोपा, ओळखीचा, एवढ्या वर्षांचा सोबती. 'चा' पर्यंत तो आलाही.

बाईंनी तो गिळला.

"माझं मत ठरावाच्या बाजूनं," त्या म्हणाल्या. आवाज आधी चिरकला, मग चढला, तोच तो कबुतरं उडवणारा आवाज. "हा तास माझा आहे आणि तो मला हवा आहे. पाढे, तुझ्या वर्तुळाचं आपण सगळे मिळून बघू, पण माझा तास कापून नाही. आणि मोठ्या बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ग्रंथालय नाही चालणार. मला नववीच हवी."

नाही! बाईंच्या तोंडून नाही! आणि मग जो जल्लोष झाला! बाकं, डबे, डस्टर, हाताला लागेल ते वाजायला लागलं. घंटामामांना इतकं भरून आलं, की त्यांनी हातोडी उचलली आणि घंटेवर असा काही घणाघात सुरू केला, की शाळा सुटली समजून खालच्या सगळ्या वर्गांतली पोरं दप्तरं घेऊन मैदानात! ती पुन्हा आत आणता आणता शिक्षकांच्या नाकी नऊ आले.

त्या गडबडीत मोठ्या बाईंनी बाईंना जिन्यापाशी गाठलं. "अहो बाई, तुम्हाला नववी एवढी हवी होती, तर बोलायचं नाही का? मला वाटलं, तुम्ही शांत, ग्रंथालय शांत, तुम्हाला आवडेलच. मी आपली तुमच्या सोयीचं बघत होते!"

बाई हसायला लागल्या, आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं.

नववी ब पुढच्याच सोमवारपासून वरच्या मजल्यावर जाणार असं मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं. गणिताला आता पलीकडून अडथळा नाही, पाढेचं वर्तुळही मार्गी लागणार. यात हिरमुसले फक्त दोघं. मामा, आणि थोडंसंसर. सर बाईंच्या मागे मागे फाटकापर्यंत आले. काखेत कंपास, चेहऱ्यावर तेच गरीब हसू.

"बाई, पाचव्या तासाला मी मोकळाच असतो. येऊ का?"

बाई थबकल्या. "सर, आत्ताच ठराव झालाय."

"शिकवायला नाही हो! शेवटच्या बाकावर बसायला. त्या कामगारांचं पुढे काय झालं?"

"सोमवारी कळेल," बाई म्हणाल्या, "पण आधी वर्गाला विचारावं लागेल." आणि पोरीसारख्या हसत रस्त्याला लागल्या.

घरी आल्या तेव्हा ताईचं मशीन चालू होतं. तिनं मान वर करून बहिणीचा चेहरा बघितला आणि मशीन थांबवलं. आत जाऊन पातेलं चढवलं. बाई तिच्या पाठोपाठ दारात जाऊन उभ्या राहिल्या. आज अंगात वारं शिरलं होतं.

"ताई, माझ्या चहात साखर घाल."

ताईचा हात पातेल्यावरच राहिला. ती गर्रकन वळली. "काय म्हणालीस?"

"साखर. चांगली दोन चमचे. तू पी बिनसाखरेचा, पण मला आता नाही चालणार. मला गोड चहा हवा."

"अगं भवाने!" ताई ओरडली. "मला कुठे हवाय बिनसाखरेचा? इथे राहायला आलो त्या दिवशी साखर आणायची राहिली होती. मी विचारलं, आज असाच चालेल का? तू म्हणालीस, चालेल. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही चालेल. मला वाटलं, हिला गोड आवडत नाही. मग एकटीसाठी कशाला घालायची, म्हणून मीही सोडली. इतकी वर्षं मी ते कडू पाणी तुझ्यासाठी पितेय!"

आणि मग ताई खाली बसली ती पोट धरून हसायलाच लागली, आणि बाईही तिच्या शेजारी भिंतीला टेकून फतकल मारून बसल्या. वर चहा उतू गेला तरी कुणी उठेना.

शेवटी ताई डोळे पुसत उठली, आणि फडताळातले सगळे डबे उघडून बघायला लागली. साखर घरात नव्हतीच. बाईंनी चप्पल पायात सरकवली आणि स्वतःच दुकानात निघाल्या.

"किती आणू?" त्यांनी दारातून विचारलं.

"भरपूर आण," ताई म्हणाली.